पद्मिनीच्या फॅनचा रिले वितळला, पण फ्यूज शाबूत! वायरिंग कुठून कुठपर्यंत बदलावं?

दुधना
मंडळी, गाडी १९८९ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. मूळचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काही वर्षांपूर्वी काढून रेडिएटरच्या मागे इलेक्ट्रिक फॅन बसवून घेतला होता. सोबत थर्मो स्विच (पाणी तापलं की चालू होणारा), एक रिले (छोट्या करंटने फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि १५ अँपिअरचा फ्यूज. डायनामो जाऊन अल्टरनेटर त्याच्याही आधी आलेला.

परवा कन्नडच्या पुढे औट्रम घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलो. तापमानाचा काटा चढत गेला आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. बॉनेट उघडून बघतो तर रिले होल्डरमध्ये तिरका होऊन चिकटलेला. ३० नंबरच्या (बॅटरीकडून करंट येतो त्या) पिनभोवतीचं प्लास्टिक ओघळलंय, तिथली लाल वायर वीतभर काळी पडलीय आणि तिचं इन्सुलेशन बोटाने चुरा होतंय. फॅन अडखळत फिरत होता. बॅटरीवरून फ्यूज लावून फॅन डायरेक्ट केला आणि गाडी घरी आणली.

इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, "३० अँपिअरचा रिले कमी पडला, ४० चा टाकू आणि फ्यूज ३० चा करू." मला हे पटत नाहीये. रिले वितळेपर्यंत १५ चा फ्यूज उडालाच नाही, मग ३० चा काय कामाचा? जाणकारांनी सांगावं.

बालाघाट
पटलं नाही तेच बरं झालं बप्पा. फ्यूज वाढवला तर पुढच्या वेळी रिलेऐवजी वायर जळंल, अन् वायर कारबोरेटरच्या जवळून गेलेली असंल तर गाडीच जाईल. आमच्याकडं ट्रॅक्टर, जीप, छोटा हत्ती, सगळ्यात हीच तऱ्हा बघायलो. उन्हाळा लागला की जळालेले होल्डर घेऊन माणसं येतात. नवा रिले जुन्याच होल्डरमध्ये दाबून देणारे लई आहेत. चार दिवस चालतं, नंतर परत तेच.

होल्डर फेकू नका अजून. ते वाळूजवाले दादा इथं असतात, त्यांना येऊ द्या.

वाळूज_हार्नेस
आलो. वाळूजला हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) कामात आहे, म्हणजे दिवसभर वायर आणि टर्मिनल हेच बघतो. दुधना, तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे: फ्यूज का उडाला नाही?

फ्यूज फक्त करंट ओळखतो. कुठल्या एका जागी किती उष्णता तयार होतेय, हे त्याला कळत नाही. रिलेची पिन होल्डरमधल्या टर्मिनलमध्ये सैल झाली किंवा तिथे गंज चढला की त्या टिचभर जागेत रेझिस्टन्स तयार होतो. त्याने सर्किटचा करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. पण त्याच जागी उष्णता मात्र करंटच्या वर्गाला रेझिस्टन्सने गुणून येते. समजा करंट १० अँपिअर आणि जोडाचा रेझिस्टन्स ०.१ ओहम. उष्णता झाली १० वॅट. एवढी उष्णता एका पिनेवर तासभर राहिली तर प्लास्टिक टिकत नाही. आणि गंमत नाही, धोका असा की तापलं की टर्मिनलचं स्प्रिंगपण जातं, पकड आणखी ढिली होते, रेझिस्टन्स आणखी वाढतो. एकदा सुरुवात झाली की ते थांबत नाही.

म्हणून ४० चा रिले हा उपाय नाही. तुमचा रिले करंटने मेलेला नाही, जोडाने मारलाय.

आता मोजा. होल्डर तात्पुरता पुन्हा जोडा, धूर आला तर इंजिन बंद करून केबल सोडवायला एक माणूस बॅटरीच्या टर्मिनलजवळ पाना घेऊन उभा करा, गाडी चालू, फॅन चालू, आणि मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून:

बॅटरीचा प्लस ते फॅनचा प्लस किती व्होल्ट दाखवतो?
फॅनचा मायनस ते बॅटरीचा मायनस किती?
रिलेच्या ३० च्या वायरपासून ८७ च्या (फॅनकडे जाणाऱ्या) वायरपर्यंत किती?

फॅन बंद असताना मोजून काही कळणार नाही, कारण करंट नसेल तर व्होल्टेज पडतच नाही. बरेच जण टेस्ट लॅम्प लावतात, दिवा पेटला की "सप्लाय येतोय" म्हणतात. त्या दिव्याला जेमतेम पाव-अर्धा अँपिअर लागतो. जळालेल्या जोडातूनही तो छान पेटतो.

आणि करंट मोजा. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून फॅन चालवू नका, सुरू होतानाचा झटका कितीतरी जास्त असतो, मीटरचा आतला फ्यूज जाईल. क्लॅम्प मीटर वापरा, पण डीसी मोजणारा. घरच्या वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो.

खुल्ताबादी
माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅनची गरज नाही. वॉटर पंपावरचा मूळ पंखा पट्ट्यावर फिरतो, त्याला रिले नाही, स्विच नाही, होल्डर नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या आणि त्या गर्दीत दिवसदिवस सरकत होत्या. जुनी गाडी जपायची तर तिच्या मूळ रचनेवर विश्वास ठेवावा. माझी पद्मिनी दौलताबादच्या दरवाजापाशी सुट्टीच्या दिवशी अडकते, पुढे खुलताबादचा घाट चढते, मे महिन्यातसुद्धा.

दुधना
खुल्ताबादीदादा, तुमचं म्हणणं मान्य. पण मूळ पंखा काढला तेव्हा त्याचा हबसुद्धा (पंखा ज्यावर बसतो तो भाग) गेला आणि आता चांगल्या अवस्थेत मिळत नाहीये. शिवाय सावकाश चालताना इलेक्ट्रिक फॅन इंजिनच्या आरपीएमवर अवलंबून राहत नाही, हा फायदा मला हवाय.

वाळूजदादा, आकडे घ्या. गाडी चालू, बॅटरीवर १३.६.
प्लस बाजूला पडलेलं व्होल्टेज: १.९.
मायनस बाजूला: ०.७.
प्लस बाजूतलं एकट्या रिले-होल्डरवर: १.४.
करंट ११ अँपिअर. मोटरच्या पट्टीवर ८० वॅट लिहिलंय.

वाळूज_हार्नेस
छान मोजलंत. आता हे आकडेच सगळं बोलतायत.

११ गुणिले १.४ म्हणजे १५ वॅटहून जास्त. बाजारात साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची मिळते. तुमच्या होल्डरमध्ये तिच्या निम्म्याहून जास्त ताकदीची इस्त्री खोचलेली होती असं समजा. वितळलं नसतं तरच नवल.

फॅनपर्यंत पोचतायत फक्त ११ व्होल्ट. म्हणजे तो सावकाश फिरतोय, हवा कमी ओढतोय, पाणी थंड व्हायला वेळ लागतोय, म्हणून जास्त वेळ चालू राहतोय आणि जोड जास्त वेळ तापतोय. चांगल्या वायरिंगमध्ये प्लस आणि मायनस दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवं.

पण मला सगळ्यात जास्त खटकला तो करंट. ८० वॅटच्या मोटरने १३-१४ व्होल्टवर सहा-सात अँपिअर घ्यायला हवेत. ११ का घेतेय? पाती हाताने फिरवून बघा. मोकळी फिरून हळूहळू थांबली पाहिजेत. अडली, खरखरली किंवा लगेच थांबली तर बुश (आस फिरतो त्या कड्या) कोरडे आहेत किंवा कार्बन (मोटरचे ब्रश) संपलेत. मोटर जड झाली की करंट वाढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते हे वर सांगितलंच आहे. ७ ऐवजी ११ म्हणजे त्याच जोडावर जवळपास अडीचपट उष्णता.

दुधना
हाताने फिरवली. अर्धा फेराही घेत नाही, लगेच थांबते, आणि बाजूला हलवली तर पात्यात खेळ आहे. म्हणजे मोटर गेली.

तेरणाकाठ
लातूरहून. अजून एक पाऊल मागं जा. फॅन एवढा वेळ चालू का राहत होता? गाडीत पाणी कोणतं टाकता?

विचारायचं कारण, आमच्याकडं बोअरचं पाणी एवढं क्षारांचं आहे की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये गेलं की नळ्यांत आतून तोच थर बसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, तेव्हापासून पाण्याचं मोल सगळ्यांना कळलं, पण गाडीत कोणतं पाणी घालतोय याकडं अजून कोणी बघत नाही. पेट्रोल पंपावरच्या नळाला बाटली लावली की झालं. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, थर्मो स्विच चालूच राहतो, फॅनला विश्रांती नाही. दहा मिनिटं तापून थंड होणारा जोड वेगळा अन् दोन तास सलग तापणारा वेगळा.

माझ्या फियाटचा रेडिएटर पितळी आहे. रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून नळ्यांना रॉड मारून घेतला. निघालेला खर बघून माझाच विश्वास बसला नाही. आता डिस्टिल्ड वॉटर अन् कुलंट निम्मं-निम्मं. कुलंटनं गंज थांबतो, उकळबिंदूही वाढतो.

दुधना
तेरणाकाठ भाऊ, घरच्या बोअरचंच पाणी. पाणी कमी झालं की घातलं, एवढंच आजवर चालत आलंय घरात. रेडिएटर काढतोच. थंड गाडीचं झाकण उघडून आत बघितलं, नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी कवच दिसतंय.

पूर्णामाय
परभणीहून. माझ्या सासऱ्यांची फियाट ११०० अजून डायनामोवरच आहे आणि मला ती तशीच ठेवायची आहे. परभणीचा मे कसा असतो सांगायला नको, पारा ४३-४४ ला जातो. मला एका गॅरेजवाल्याने असाच इलेक्ट्रिक फॅन लावून देतो म्हटलंय. हा धागा वाचून विचारते, लावू का?

बालाघाट
ताई, डायनामोवर लावू नका, असं मी स्पष्ट सांगतो. डायनामो इंजिन मंद असताना जवळपास काहीच देत नाही. अन् फॅनची खरी गरज कधी लागते? गाडी उभी असताना, गर्दीत, घाटात. म्हणजे ज्या वेळी डायनामो झोपलेला, त्याच वेळी फॅन बॅटरीतून सात-आठ अँपिअर ओढणार. रात्र असली तर हेडलाइटचे वेगळे. बॅटरी बसत चालली की व्होल्टेज पडतं, अन् मग रिलेची कॉइल (आतला विद्युतचुंबक) पॉइंट नीट ओढत नाही. रिले टकटक करायला लागतो. प्रत्येक टकटकीला आत ठिणगी पडते, पॉइंट जळतात, कधी चिकटूनही बसतात. असे जळालेले रिले मी उघडून बघितलेत, आत नुसती काजळी.

तुमच्या गाडीचा मूळ पंखा हाय ना? तोच ठेवा. पट्टा ताणून घ्या, रेडिएटर साफ करा. खुल्ताबादीदादांचं म्हणणं तुमच्या गाडीला शंभर टक्के लागू हाय.

खुल्ताबादी
पूर्णामाय, अगदी हेच. आणि पट्टा घट्ट करताना अति ताणू नका, वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. दुधना यांच्या गाडीला अल्टरनेटर आहे आणि मूळ हब मिळत नाही, तिथे माझा आग्रह मागे घेतो. पण मग वायरिंग तरी मन लावून व्हावं.

दुधना
तेच करायचंय. वाळूजदादा, वायर, रिले, जोड, सगळं कसं करू ते सविस्तर सांगाल का? मी स्वतः करणार आहे, शेजारचा एक पोरगा आयटीआय केलेला आहे, तो सोबत आहे.

वाळूज_हार्नेस
सांगतो, थोडं लांबेल.

आधी जुनं काढणं. काळी पडलेली वायर कापत मागे जा, इन्सुलेशन सोलून तांबं बघा. लखलखीत दिसेपर्यंत मागे जायचं. काळसर किंवा हिरवट तार कुठलाही लग (वायरच्या टोकाला बसवतात तो धातूचा थिंबल) नीट पकडत नाही आणि सोल्डरही घेत नाही. तुमच्या केसमध्ये मी मधे जोड देणारच नाही, बॅटरीपासून फॅनपर्यंत अख्खी वायर नवी. जुना होल्डर टाकून द्या, त्यातलं एकही टर्मिनल पुन्हा वापरू नका. तापलेल्या पितळाची पकड परत येत नाही.

वायर २.५ स्क्वेअर एमएम, तांब्याची, गाडीसाठीची. जुनी किती जाडीची होती माहीत नाही, पण रिले सोडून बाकी अर्धा व्होल्ट पडतोय त्यावरून ती १ च्या आसपासची असावी. घरगुती पीव्हीसी वायर साधारण ७० डिग्रीपर्यंतची असते, इंजिनच्या खोलीत ती कमी पडते. गाडीची पातळ इन्सुलेशनची वायर १०५ डिग्रीची मिळते. आणि विकत घेताना टोक सोलून तार खरवडून बघा. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे. हा माल सर्रास मिळतो, स्वस्त असतो, रेझिस्टन्स जास्त आणि लगमध्ये ढिला होतो. घेऊ नका.

फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे फ्यूजच्या आधीची जेवढी वायर, तेवढी उघड्यावर. ७ अँपिअरच्या फॅनला १५ चा फ्यूज बरोबर आहे, सुरुवातीचा झटका तो सहज सोसतो.

रिले ३० किंवा ४० कुठलाही चालेल, पण होल्डर असा घ्या ज्यात टर्मिनल वेगळी येतात आणि वायरला स्वतः क्रिंप करता (दाबून बसवता) येतात. मागून वायर आधीच निघालेले तयार होल्डर मिळतात, त्यांच्या वायरी बहुतेक वेळा बारीक असतात. मग बॅटरीकडून २.५ ची आणून काय उपयोग?

जोडणी: ३० ला बॅटरी फ्यूजमधून. ८७ वरून फॅनचा प्लस. ८६ ला इग्निशन. ८५ थर्मो स्विचमधून अर्थला. कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो, त्या दोन वायरी ०.७५ च्या पुरे. तुमचा थर्मो स्विच एका टर्मिनलचा असेल तर त्याचा अर्थ आट्यांमधून जातो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ तुटतो आणि फॅन लागतच नाही. दोन टर्मिनलचा असेल तर प्रश्न नाही.

रिलेची जागा बदला. रेडिएटरच्या मागे गरम हवेच्या झोतात तो नको. आतल्या मडगार्डच्या भिंतीवर, वर, पिना खाली तोंड करून. पाणी आत साचत नाही.

अर्थ विसरू नका. तुमचे ०.७ व्होल्ट तिथे गेलेत. फॅनची काळी वायर रंगावर स्क्रू मारून बसवलेली असणार. ती २.५ चीच घेऊन सरळ बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिनच्या अर्थ बोल्टवर, खाली धातू घासून, न्या.

शेवटी क्रिंप. पक्कडीने दाबलेला थिंबल हा क्रिंप नाही. रॅचेट असलेलं क्रिंपिंग टूल घ्या किंवा उसनं आणा. एक पंजा तांब्यावर, दुसरा इन्सुलेशनवर बसला पाहिजे. मग जोरात ओढून बघा. सोल्डर मी या जागी टाळतो. सोल्डर तारांमधून आत चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग जिथे संपतो तिथे कंपनांनी वायर तुटते.

बालाघाट
कॉइलवर डायोडही (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाका दादांनो. १एन४००७, बाजारात चिल्लरमध्ये मिळतो. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते. पद्मिनीत कॉम्प्युटर नाही हे खरं, पण थर्मो स्विचचे पॉइंट त्याच झटक्यानं खातात.

वाळूज_हार्नेस
बरोबर. पट्टी असलेली बाजू प्लसकडे, म्हणजे ८६ ला. उलटा लागला तर फ्यूज उडेल. आणि डायोड टाकलात तर होल्डरवर लिहून ठेवा, नसता पुढे कोणी ८५-८६ अदलाबदल केली की तोच घोळ.

दुधना
काम झालं. मोटर नवी, रेडिएटर रॉड मारून आला, वायर फ्यूजपासून फॅनपर्यंत नवी, अर्थ सरळ बॅटरीला, रिले मडगार्डवर. नवी मोटर लावल्यावर फॅन आधी उलटा फिरला, हवा पुढे फेकत होता, वायरींची अदलाबदल केली. मागच्या बाजूला बसवलेला फॅन हवा रेडिएटरमधून इंजिनकडे ओढतो ना, हे कागदाचा तुकडा धरून तपासून घेतलं.

नवे आकडे: करंट ६.५. प्लस बाजू ०.२५. मायनस ०.१. पाऊण तास गाडी उन्हात उभी करून चालवली, फॅन लागतो, थोड्या वेळाने बंद होतो, परत लागतो. आधी तो एकदा लागला की बंदच होत नव्हता. रिलेला हात लावला, कोमट आहे.

आयटीआयवाल्या पोराने सगळे क्रिंप त्याच्या हाताने केले आणि प्रत्येक ओढून दाखवला. त्याला काम शिकवणारं कोणी मिळालं तर तो मोठा कारागीर होईल, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

वाळूज_हार्नेस
उत्तम आकडे आहेत. रिले कोमट लागणारच, कॉइलचे स्वतःचे दोन वॅट असतात. पिनांची मुळं गरम लागायला नकोत. उन्हाळाभर वापरून झाली की एकदा रिले उपसून ३० आणि ८७ च्या पिनांचा रंग बघा. निळसर-तपकिरी छटा दिसली तर टर्मिनल बदला, चकचकीत असतील तर तसंच परत बसवा. त्या पोराला वाळूजकडे यायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, आमच्याकडे अशी हाताची माणसं लागतात.

पूर्णामाय
मी गॅरेजवाल्याला 'नको' असं कळवलं. मूळ पंखा ठेवतेय, रेडिएटर पुढच्या आठवड्यात काढायचा आहे. तेरणाकाठ, वरची टाकी उघडून परत बसवताना रेडिएटरवाला डाग (सोल्डरचा जोड) देतो तो टिकतो का, की टाकीच बदलावी लागते?

तेरणाकाठ
पितळी असंल तर डाग उत्तम टिकतो ताई. फक्त काम झालं की दुकानातच पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरून दाखवायला सांगा, बुडबुडे आले नाहीत तरच घरी आणा.